नाव तेच, बाई दुसरी

मावशी, तुझ्या मातीला भांडण झालं नाही. बाकीचं सगळं मागून, आधी हे सांगते.

त्या दिवशी सकाळी गजाननचा फोन आला. ‘बाई, आई गेली. वाफ्याले पानी सोडून आली, ओट्यावर बसली, आन् बसल्या बसल्याच...’ एवढं बोलून तुझ्या मुलानं फोन ठेवला. मी अमरावतीहून ऑटो करून वलगाव रोडनं तुझ्या गावाकडे निघाले, तेव्हा खरं सांगते, मला रडू आलं नव्हतं. मला भीती वाटत होती. एका बाजूला तुझं गाव आणि तुझी भावकी, दुसऱ्या बाजूला आमच्या चर्चमधली माणसं. तुला जाळायचं की पुरायचं, हा प्रश्न तुझ्या अंगणात उभा राहणार आणि उत्तर द्यायला माझ्याकडे बघणार. ऑटोत बसून मी वाक्यं जुळवत होते. चौतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं, पण त्या रस्त्यावर एक वाक्य धड जुळलं नाही.

त्यातलं एकही लागलं नाही. आज चौदा दिवस झाले. मी जेवते, झोपते. लोक म्हणतात, बाईंचं जिवाभावाचं माणूस गेलं, पण बाई तर बऱ्या दिसतात. मी बरीच आहे. का ते तुला सांगितल्याशिवाय मात्र राहवत नाही.

तू माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठी. तरी शेवटपर्यंत तू मला ‘तुमी’ म्हणालीस आणि मी तुला ‘तू’. तुझ्या डोक्यावर भाजीची टोपली होती आणि माझ्या हातात खडू, एवढ्यावरून ते ठरून गेलं होतं. अकरा वर्षांत मला ते एकदाही खटकलं नाही. आता खटकतं.

अकरा वर्षांपूर्वीचा तो रविवार आठवतो. तू फाटकाशी टोपली उतरवून कोथिंबिरीच्या, तुझ्या भाषेत सांबाराच्या, जुड्या मोजत होतीस आणि मी चर्चला जायच्या घाईत होते. तू सहज विचारलंस, ‘बाई, तिथं काय सांगतात तुमाले?’

‘पापांची क्षमा मिळते असं सांगतात,’ मी म्हटलं.

‘कोनाचीबी?’

‘कोणाचीही.’

‘खोटं बोलून एखाद्याचं घर उठवलं असन, त्याचीबी?’

मी ‘हो’ म्हटलं. मावशी, तो ‘हो’ मी विचार करून म्हटला नव्हता. माझे आजोबा ख्रिस्ती झाले, माझा जन्म चर्चच्या आवारातला. असले ‘हो’ आमच्या तोंडात आपोआप येतात. पण तू टोपली माझ्या व्हरांड्यात ठेवलीस, पदर सारखा केलास आणि ‘चला’ म्हणालीस. त्या दिवशी मी पाहिलं की माझा हा सवयीचा शब्द कुणीतरी अक्षरशः खरा मानला आहे.

घर कुणाचं उठवलं, ते तू मला पुढच्या आठवड्यात सांगितलंस. त्याच्या नऊ वर्षं आधी तुझा धाकटा, विठ्ठल, एकोणीस वर्षांचा, तीन दिवसांच्या तापात गेला होता. दुःखानं तुझं डोकं ठिकाणावर नव्हतं. तू गावातल्या मारुतीच्या पारावर सगळ्यांसमोर म्हणालीस की तुझी धाकटी जाऊ रुखमा, तिनं करणी केली. तिला तुमच्या शेताच्या धुऱ्यावर लिंबू पुरताना तू स्वतः पाहिलं. तू काहीच पाहिलं नव्हतं. पण पोर गेलेल्या आईचं कोण खोटं मानणार? गावानं रुखमाच्या हातचं पाणी बंद केलं. ती दिसली की बाया लेकरं घरात घेत. वर्षाच्या आत ती आणि तिचा नवरा घराला कुलूप लावून अकोल्याला मुलीकडे निघून गेले. तुझा दीर तिथंच वारला. पुन्हा त्यानं आपलं शेत पाहिलं नाही.

‘देवाले लय वेळा सांगतलं मी,’ तू म्हणालीस. ‘पन ऐकलं का नाई, हे कसं समजावं?’

दोन वर्षं तू येत राहिलीस. दुपारी भाजी संपली की माझ्या व्हरांड्यात बसून अक्षरं गिरवायचीस. तुला शास्त्र स्वतःच्या डोळ्यांनी वाचायचं होतं. ‘क्ष’ तुला कधी साधला नाही. क्षमा हा शब्द तू शेवटपर्यंत अंदाजानंच लिहिलास, आणि मला हसू आलं की म्हणायचीस, ‘लिहिता नाई आला तं काय झालं, भेटला तं आहे न.’

मग बाप्तिस्म्याचं ठरलं. चर्चमधल्या काही जणांनी सुचवलं, पार्वता हे नाव आता कसं चालेल, मार्था घ्या, रूथ घ्या. मीही त्यांच्यातच होते. तू सगळ्यांचं ऐकून घेतलंस आणि म्हणालीस, ‘देवानं पार्वताले बोलावलं. मार्था म्हनून हाक मारली असती तं मी वळूनबी नसतं पायलं. नाव तेच राहू द्या, बाई दुसरी झाली म्हंजे झालं.’ पाळक हसले आणि तुझा बाप्तिस्मा पार्वता नावानंच झाला.

गजानन त्या दिवशी आला नव्हता. पाच महिने तो तुझ्याशी बोलला नाही. तुझ्यासमोर ताट ठेवायचा आणि निघून जायचा. तू त्याच्याबद्दल तक्रार केली नाहीस. एवढंच म्हणायचीस, ‘त्याचा राग खरा आहे. त्याले वाटते, बाप गेला, भाऊ गेला, आता मायबी गेली.’

आणि बाप्तिस्म्याचं पाणी सुकायच्या आत, तिसऱ्याच दिवशी, तू बाजारात एका गिऱ्हाइकाच्या अंगावर मेथीची जुडी फेकून मारलीस. ती बाई म्हणे मेथी हातानं कुस्करून पाहत होती. संध्याकाळी तू माझ्याकडे आलीस ती पडलेल्या चेहऱ्यानं. ‘बाई, मी काई नवी झाली नाई. तेच तोंड, तोच हात. पानी कमी पडलं काय?’

मी तुला समजावलं, नवा जन्म एकदाच होतो, देवाच्या नजरेत तू नवी आहेस, तुझ्या मेथीवर ते अवलंबून नाही. हे मी पाठ केलेलं होतं. तू शांत ऐकलंस आणि म्हणालीस, ‘लेकरू जल्मते तं एकदाच. पन त्याले रोज उठून मोठं व्हा लागते न.’

आपलं भांडण तिथून सुरू झालं आणि ते मिटलं नाही. माझं म्हणणं, जे झालं ते पूर्ण झालं, आता निवांत राहा. तुझं म्हणणं, झालं म्हणूनच आता कामाला लागा. दुसऱ्या दिवशी तू त्याच बाईच्या दारात सांबाराची जुडी घेऊन उभी राहिलीस. ‘काल मी तोंड सोडलं, चुकलं माहं.’ ती बिचारी इतकी घाबरली की तुला आत बोलावून चहा पाजला. तेव्हापासून तुझी रीत पडली. रोज संध्याकाळी ओट्यावर बसायचं, दिवसभरात कुणाला काय बोललीस ते देवाला सांगायचं, आणि शेवटी रुखमाचं नाव घ्यायचं. दिवस चांगला असो की वाईट, शेवटी रुखमाचं नाव. ‘नवी झाली म्हनून रान सुटत नाई, बाई. तन रोज निंदा लागते.’

पोळ्याला तू बैलांसाठी पुरणपोळी करायचीस म्हणून चर्चमध्ये कुजबुज झाली. मी तुला विचारलं, तर तू माझ्याकडे असं पाहिलंस की मीच खाली बघितलं. ‘वर्षभर तो राबते. त्याले एक दिवस गोड खाऊ घातलं तं देवाले राग येईन?’ मी तो विषय पुन्हा काढला नाही.

बाप्तिस्म्यानंतर चार वर्षांनी तू म्हणालीस, ‘बाई, अकोल्याले जा लागते. संगं चालता काय?’ मी खूश झाले. बडनेऱ्याहून आपण पॅसेंजर पकडली. तू पिशवीत वांगी घेतली होतीस, रुखमाला आवडतात म्हणून. मूर्तिजापूर आलं, गाडी थांबली, आणि तू पिशवी उचलून सरळ खाली उतरलीस. मी मागे धावले. फलाटावरच्या बाकावर तू पिशवी पोटाशी धरून बसली होतीस. ‘माह्यानं नाई होत. तिचा नवरा मेला न बाई तिथं. त्याचं काय सांगू?’

गाडी निघून गेली. मी तेव्हा जे बोलले ते मला आजही टोचतं. मी म्हटलं, ‘सहा वर्षं प्रार्थना केलीस, त्याचा उपयोग काय झाला मग?’

तू डोळे पुसलेस. म्हणालीस, ‘मूर्तिजापूरपर्यंत तं आली न. याच्या पहिले मी बडनेऱ्यालेबी गेली नवती.’

परतीच्या गाडीला वेळ होता. आपण तिथंच बसून माझ्या डब्यातली पोळी-भाजी खाल्ली. तू खाल्लीस, मला काही खाववेना. माझ्या तीन पिढ्यांच्या धर्मात मी कुणाकडे माफी मागायला फलाटापर्यंतसुद्धा गेले नव्हते, हे मला त्या बाकावर कळलं. तुला सांगितलं नाही.

पाच महिन्यांनी आपण पुन्हा निघालो, आणि या वेळी मूर्तिजापूर आलं तेव्हा तू खिडकीची सळई दोन्ही हातांनी धरून ठेवलीस, गाडी हलेपर्यंत.

अकोल्यात रुखमा मुलीच्या घराच्या पडवीत तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. तिनं तुला ओळखलं आणि सोलणं चालूच ठेवलं. तू तिच्यासमोर जमिनीवर बसलीस आणि सगळं सांगितलंस. लिंबू नव्हतं, काही नव्हतं, मी खोटं बोलली, तुहं घर मी उठवलं, माह्या दिराचं मरन माह्या माथ्यावर आहे. तू पदर तोंडात धरून रडलीस. रुखमा रडली नाही. टोपलं भरल्यावर ती म्हणाली, ‘मले कावून सांगून राहिली? मले तं ठाऊकच होतं मी काई केलं नाई. तू पारावर सांगतलं होतं न? मंग तिथंच सांग.’

परत येताना आपलं सगळ्यात मोठं भांडण झालं. मी म्हटलं, नको. देवानं माफ केलं, तिला सांगून झालं, आता गावासमोर उकरून काढू नकोस. गजाननला मान खाली घालावी लागेल. लोक म्हणतील, ख्रिस्ती झाली आणि घराची लाज काढली. चर्चकडे बोट दाखवतील. माझी सगळी कारणं शहाणपणाची होती. तू म्हणालीस, ‘देवानं माफ केलं म्हनूनच तं जाता येते, बाई. नाई तं कोन्या तोंडानं गेली असती?’ पुढचे तीन आठवडे मी फाटकाला आतून कडी लावून ठेवली, आणि तू रोज बाहेरून फाटकावर सांबाराची एक जुडी अडकवून जात राहिलीस.

तू पारावर उभी राहिलीस तेव्हा मी नव्हते. गजाननची बायको वर्षा, तिनं मला नंतर सांगितलं. संध्याकाळची वेळ, पारावर माणसं बसलेली. तू खालीच उभी राहून, मोठ्यानं, थांबत थांबत सांगितलंस. कुणीतरी म्हणालं, आता काय फायदा, बुढी? तू म्हणालीस, ‘फायदा रुखमाले आहे. उद्यापासून तिले कोनी तसं म्हनू नका.’ गजानन तिथं बसला होता. तो उठून निघून गेला.

त्यानंतर चौथ्या दिवशी मी तुझ्या घरी आले. तू ओट्यावर सांबार निवडत होतीस. मी ‘तूच बरोबर होतीस’ म्हणायला आले होते आणि ‘यंदा पाऊस बरा आहे’ असं काहीतरी बोलून चहा पिऊन परत गेले. मावशी, आता म्हणते. तूच बरोबर होतीस. मी ज्या क्षमेबद्दल वर्षानुवर्षं वर्ग घेतल्यासारखं बोलत होते, ती तू पायी चालून दाखवलीस.

त्यानंतरची चार वर्षं तू दर महिन्याला भाजी घेऊन अकोल्याला जात होतीस. रुखमा चहा द्यायची, भाजी ठेवून घ्यायची, माफ केलं असं काही म्हणायची नाही. मी विचारलं की तू म्हणायचीस, ‘बिस्किटबी दिलं आज.’ एवढ्यावर तू महिनाभर खूश.

तर तुझ्या मातीचं सांगते. मी ऑटोतून उतरले तेव्हा अंगणात गाव भरलं होतं. पाळकही येऊन पोचले होते. गजानन सरळ माझ्याकडे आला आणि सगळ्यांदेखत म्हणाला, ‘बाई, आई तुमच्या रीतीनं जाईन. पन खांदा आमी देऊ.’

मी विचारलं, ‘तिनं सांगून ठेवलं होतं का?’

‘नाई. मी इचारलं होतं एकदा, तं म्हने, तुले सोसन तसं कर, मी काई तिथं राहनार नाई.’ ‘ते पारावर उभी राहिली तवा मले लाज वाटली होती. मंग वाटलं, माह्यात हे हिंमत नाई, गावातबी कोनात नाई. तिले हे जिथून भेटलं, तिथंच तिले नेऊ.’

भावकीतला एक म्हातारा काही बोलायला लागला होता. गजाननचं ऐकून तो स्वतःच शवपेटीला हात लावायला पुढे आला. तुझ्या गावच्या माणसांनी तुला खांद्यावर घेतलं. भजनी मंडळी टाळ घेऊन आली होती आणि आता वाजवावेत की नाही म्हणून अवघडून उभी होती. पाळक म्हणाले, ‘वाजवा ना.’ आमच्या गाण्यांना टाळ इतके शोभतील असं मला कधी वाटलं नव्हतं. अमरावतीच्या कब्रस्तानात तुझ्यावर माती पडली तेव्हा मला रडू आलं. पण आधी श्वास सुटला, मावशी. किती वर्षांचा धरलेला होता कोण जाणे.

रुखमा तिथं नव्हती. तिला निरोप पोचला, पण गाडी मिळाली नाही. ती दुसऱ्या दिवशी आली आणि तुझ्या घरी न जाता आपल्या घरापाशी गेली. कुलूप गंजलं होतं, गजाननला बोलावून तोडून घेतलं. तेव्हापासून ती गावातच आहे.

काल गजाननानं गावजेवण दिलं. ‘तेरवी नाई म्हनत बाई, पन गाव आलं होतं, गावाले जेवू घाला लागते.’ वरण, पोळ्या, आलू-वांग्याची भाजी, बुंदी. मी गेले तर चुलीपाशी रुखमा. तुझी सून वर्षा म्हणाली की रुखमा पहाटेच आली, कुणी बोलावलं नव्हतं, पदर खोचला आणि कणीक मळायला बसली. मग वाढायलाही तीच उठली. पहिल्या पंगतीत एक क्षण सगळे थांबले. मग त्या भावकीतल्या म्हाताऱ्यानं आपलं ताट पुढे केलं आणि म्हणाला, ‘वाढ वं सूनबाई, हात आखडू नको.’ सगळं गाव तिच्या हातचं जेवलं.

पंगती उठल्यावर ती माझ्याजवळ येऊन टेकली. ‘बाई, ते माह्याबद्दल काय म्हने तुमाले?’

‘रोज प्रार्थनेत तुमचं नाव घ्यायची.’

‘रोज?’

‘एक दिवस चुकली नाही.’

ती बराच वेळ हाताला लागलेली कणीक काढत बसली. ‘मीबी रोज घेत होती तिचं नाव. सकायी उठली का पहिलं तेच, शिव्या देऊन देऊन. मंग ते अकोल्याले याले लागली. शिव्या कमी होत गेल्या, नाव राह्यलं. माफ करतो असं कधी तोंडानं म्हनलं नाई मी. म्हना लागत होतं.’

या वेळी मी पाठ केलेलं काही ऐकवलं नाही. तुझ्याकडून एवढं तरी शिकले आहे.

‘आता सकायी कोनाचं नाव घेऊ?’ तिनं विचारलं.

‘तिचंच घ्या,’ मी म्हटलं.

तिनं मान हलवली. मग उठून तिनं उरलेली बुंदी एका पातेल्यात भरली आणि जे आजारी-म्हातारे पंगतीला आले नव्हते त्यांच्याकडे द्यायला निघाली. मी ओट्यावरून पाहत होते. ती एका दाराशी थांबली, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. कुणीही दार लावून घेतलं नाही, मावशी.